लाल रेघ मायनसकडे

ललितनं ती पेटी पहिल्यांदा जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली तेव्हा मी विचारलं, "म्हणजे आता आपण खाली बसून जेवायचं?" तो म्हणाला, "बसू की." आणि आम्ही खरोखर खाली बसून जेवायला लागलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी या माणसाला टोमणा लागत कसा नाही हे कोडं मला सुटलेलं नाही.

मी दीपमाला. माहेर यावलचं, सासर धुळ्याचं. देवपुरातल्या एका शाळेत गणित शिकवते आणि मुलं मला घाबरतात असं म्हणतात, ते खरं आहे. ललित माझा नवरा. त्याचं पांझरेच्या पुलाजवळ वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे; बँडवाल्यांचे बिघडलेले कीबोर्ड आणि अ‍ॅम्प्लिफायर तिथे येऊन पडतात. आणि ललितचे वडील म्हणजे झुलाल मास्तर, आमचे आबा. धुळे-शिरपूर पट्ट्यात ज्यांच्या वराती आबांच्या क्लॅरिनेटवर निघाल्या, ते आज आजोबा झाले आहेत.

तर ती पेटी. जुनी पत्र्याची ट्रंक, तिच्यात आडव्या दोन पट्ट्या बसवलेल्या आणि त्या पट्ट्यांवर स्क्रूनं घट्ट केलेले अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे, प्रत्येकावर बटणं, दिवे आणि भोकं. ललित त्याला मॉड्युलर सिंथेसायझर म्हणतो. साधा कीबोर्ड म्हणजे हॉटेलातली थाळी, जे वाढलंय ते खा. इथे प्रत्येक मॉड्यूल एकच काम जाणतं. एक नुसता कच्चा आवाज काढतं, दुसरं त्याची धार कमीजास्त करतं, तिसरं आवाजाचं दार उघडतं आणि लावतं. समोरून रंगीत वायरींनी ती हवी तशी जोडायची, म्हणजे आपल्याला पाहिजे ते वाद्य तयार होतं.

माझा राग टेबलावर होता, म्हणून एका रविवारी पट्टी घेऊन बसले. म्हटलं, ही पेटी किती जागा अडवते ते तरी मोजून त्याच्या तोंडावर मारू. पहिल्या मॉड्यूलची उंची एकशे साडेअठ्ठावीस मिलिमीटर. दुसऱ्याचीही तेवढीच. तिसऱ्याचीही. शाळेच्या प्रयोगशाळेतून व्हर्नियर आणला आणि पुन्हा मोजलं. सगळी सारखी. रुंद-अरुंद होती, पण रुंदीही मनाला येईल तशी नव्हती. पाच मिलिमीटरच्या किंचित वर एक एकक आणि सगळ्यांची रुंदी त्याच्याच पटीत. कुणी चार एककं, कुणी आठ, कुणी बारा.

"एकाच कारखान्यातली दिसतात," मी म्हटलं.

ललित हसला. "हे लाटव्हियाचं. हे जपानचं. हे बंगळुरूच्या एका मुलीनं घरी बनवलेलं. आणि हे अर्जेंटिनातल्या एका दाढीवाल्याचं, त्याचा फोटो आहे माझ्याकडे."

"मग यांची बैठक कधी झाली?"

"झालीच नाही. फार वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका माणसानं आपल्या मॉड्यूलसाठी हे माप धरलं. प्रयोगशाळेतल्या यंत्रांच्या कपाटांचं जुनंच माप होतं ते. बाकीच्यांना पटलं. उंची हीच, स्क्रू हाच, मागे वीज जोडायची पिन हीच. अधिक बारा व्होल्ट, उणे बारा व्होल्ट आणि मध्ये शून्य. जो कुणी मॉड्यूल करेल त्यानं एवढं पाळायचं. बाकी आत काय वाटेल ते कर."

"आणि नाही पाळलं तर? दंड?"

"कसला दंड? बसणार नाही, एवढंच."

मी खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. आमच्या गल्लीत शेजारच्या दोन घरांच्या नळांचे आटे एकमेकांना लागत नाहीत. आमच्या शाळेत वहीचा समास केवढा सोडायचा यावर गणिताच्या आम्ही चार बायका एकमत करू शकलेलो नाही. आणि इथे जपानचा माणूस आणि लाटव्हियाचा माणूस, ज्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, ते माझ्या जेवणाच्या टेबलावर खांद्याला खांदा लावून बसले होते आणि मध्ये कागद सरकवायला फट नव्हती. त्या दिवसापासून टेबलाबद्दल मी बोलले नाही.

आबांना मात्र ती पेटी डोळ्यांसमोर नको असायची. "हाई वाद्य शे का बाजार?" ते म्हणायचे. "एकनं तोंड, दुसरानं पोट, तिसराना पाय." आबांच्या मते वाद्य म्हणजे एक माणूस. त्याला एकाचंच तोंड लागलं पाहिजे. त्यांच्या क्लॅरिनेटला दुसऱ्या कुणी ओठ लावला नव्हता. लहानपणी ललितनं गंमत म्हणून एकदा फुंकली तर मार खाल्ला होता आणि आबांनी ती धुऊन, उन्हात ठेवून, मगच पुन्हा हातात घेतली होती. उष्टं वाद्य वाजवायचं नाही, हा त्यांचा नियम.

मग गेल्या वर्षी आबांच्या फुप्फुसाचा एक भाग काढावा लागला. जीव वाचला, श्वास गेला. दवाखान्यातून तीन गोळ्यांचं ते प्लॅस्टिकचं यंत्र दिलं होतं, श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या. आबा रोज बसायचे. एक गोळी थरथरत वर जायची, उरलेल्या दोन जागच्या हलायच्या नाहीत. क्लॅरिनेट कपाटात गेली. आबा तिच्याबद्दल बोलेनासे झाले आणि आम्हीही.

नेमकं त्याच वर्षी कोकिळाचं लग्न ठरलं. कोकिळा म्हणजे आबांची नात, ललितच्या मोठ्या बहिणीची, शिरपूरच्या ताईबाईंची मुलगी. आमच्या घरात एक रीत आहे. घरच्या मुलीच्या हळदीला बँड सुरू व्हायच्या आधी मास्तर एकट्यानं उठून एक सूर लावतात. ढोल नाही, ताशा नाही, फक्त एक लांब सूर. तो ऐकला की मुलीला हळद लागते आणि मग बँड. आबांच्या आजोबांपासून हे चालत आलं आहे. ताईबाईंच्या हळदीला आबांनीच तो सूर लावला होता.

ताईबाई म्हणाल्या, या वेळी दुसऱ्या कुणाला सांगू. कोकिळा आईवर गेली आहे, म्हणजे ऐकणारी नाही. फोनवर तिनं सरळ सांगितलं, "आबाना सूर नही, ते बँड नही. डीजे बी नही. मुकंच लगीन लावा मन्हं."

आबांनी फोन ललितच्या हातात दिला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. भर दुपारी. मला इतकं वाईट वाटलं की मी ललितवर ओरडले. "एवढ्या देशांतून तुकडे गोळा केलेस ना? मग त्यातला एक तरी आबांच्या कामाचा आहे का?"

माझा हा टोमणा त्याला पहिल्यांदाच लागला.

त्यानं एक मॉड्यूल बनवायला घेतलं. श्वासाचं. समोर एक नळी, सलाइनची असते तसली. तिच्यात हलकंसं फुंकायचं, आत एक बारीकसा सेन्सर तो दाब ओळखणार आणि त्याची वीज करणार. ती वीज बाकीच्या मॉड्यूलना सांगणार, दार किती उघडायचं. क्लॅरिनेटला छाती लागते, याला लागणार होता फक्त श्वास. सर्किट ललितचं, पण पत्रा माझा. एकशे साडेअठ्ठावीस उंच, आठ एककं रुंद. कापला मी, कानस मी मारली आणि व्हर्नियर लावून तपासलाही मीच. पेटीत जपान आणि लाटव्हिया यांच्यामध्ये आठ एककांची जागा होती. आमचा पत्रा तिथे ठेवला, तर तो टक् करून बसला. देवपूरचा तुकडा जगाच्या रांगेत बसला आणि कुणी त्याला कुठून आलास म्हणून विचारलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. कांदा चिरत नव्हते.

आबांना पेटीसमोर बसवायला मात्र दोन दिवस मनधरणी करावी लागली. शेवटी ते बसले ते आमच्यावर उपकार केल्यासारखे. नळी ओठात धरली आणि चहावर फुंकर मारावी तेवढं फुंकलं. पेटीवरचा नारंगी दिवा उजळला आणि स्पीकरमधून सूर आला. जाड, गोल, काळजापर्यंत जाणारा. काळी दोनचा, आबा क्लॅरिनेटवर लावायचे तोच. आबांनी दचकून नळी काढली. सूर थांबला. त्यांनी पुन्हा हळूच फुंकलं, सूर पुन्हा आला; फुंकर वाढवली तर सूर मोठा झाला, सोडली तर विरून गेला.

"इतलीच फूक लागस?" आबा म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. मग कुणाकडे न बघता ते म्हणाले, "कोकिळाले सांगा, मी येस."

यानंतर जे झालं ते प्रेमापोटी झालं, हे आधीच सांगून ठेवते.

दसऱ्याला आबा वाद्यांची पूजा करतात. नुसती फुलं वाहून नाही. प्रत्येक वाद्य ते पूर्ण उघडतात, पुसतात, सगळे भाग पांढऱ्या धोतरावर ओळीनं मांडतात, प्रत्येक भागाला बोट लावतात आणि स्वतःच्या हातानं पुन्हा जोडतात. बँडच्या गाडीची बॅटरीसुद्धा यातून सुटत नाही. तिच्या प्लसला कुंकू, मायनसला हळद. त्यामुळे वर्षभर गाडीवरचा कुणीही पोरगा चुकत नाही. लाल तो प्लस. आबांच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला हे पाठ आहे.

त्या दसऱ्याला ललित लग्नाच्या बोलण्यासाठी शिरपूरला गेला होता. मी पुरण आटवत होते. बाहेर डोकावले तर आबांनी धोतर अंथरलं होतं, त्यावर क्लॅरिनेट, ढोल, झांजा, आणि शेवटी ती पेटी. पेटीतलं एकेक मॉड्यूल स्क्रू काढून त्यांनी ओळीनं मांडलं होतं आणि प्रत्येकाच्या कपाळी बारीकसं कुंकू लावत होते. जपानला लावलं. लाटव्हियाला लावलं. ज्या पेटीला ते बाजार म्हणायचे तिला त्यांनी घरात घेतलं होतं. मला इतका आनंद झाला की पुरण खाली लागलं.

जोडून झाल्यावर मला हाक मारून ते म्हणाले, "ललित घाई करस. बठ्ठा लाल मायनसले लायेल व्हतात. मी सुल्टा करी टाकात."

मॉड्यूलच्या मागे वीज नेणारी एक चपटी राखाडी केबल असते. तिच्या एका कडेला लाल रेघ. आबांनी पाहिलं की प्रत्येक केबलची लाल रेघ मायनसकडे आहे. आयुष्यभर बॅटऱ्या जोडलेल्या माणसाला ते सहन कसं होणार? त्यांनी शांतपणे एकेक केबल फिरवली आणि लाल प्लसकडे आणली. मलाही ते बरोबरच वाटलं. मी आरतीचं ताट घेऊन आले. आरती झाली, आबांनी हात जोडले आणि बटण दाबलं.

काहीतरी चिरकलं आणि जळका वास आला. मी धावत जाऊन प्लग उपटला.

ललित संध्याकाळी आला. त्यानं पेटी उलटी करून केबली पाहिल्या आणि खाली बसला. या जगात लाल रेघ म्हणजे उणे बारा. का, ते कुणी सांगू शकत नाही, पण सगळे तेच पाळतात, म्हणून ते खरं. आबा खुर्चीत बसून नुसते बघत होते. ललितनं एकेक मॉड्यूल काढून वेगळं तपासायला घेतलं. जपानचं लावलं, दिवा लागला. लाटव्हियाचं लावलं, लागला. बंगळुरूचंही. अर्जेंटिनाचंही.

"ही कशी काय वाचली?" मी विचारलं.

ललितनं एका मॉड्यूलच्या मागे बोट ठेवलं. विजेच्या पिनांशेजारी जिऱ्याएवढा काळा दाणा होता, त्याला एक पांढरी रेघ. "डायोड. वीज एकाच बाजूनं जाऊ देतो. उलटी आली की दार बंद. हे करणाऱ्यांना माहीत होतं की कुणीतरी कुठेतरी उलटं लावणार."

मी त्या दाण्याकडे बघत राहिले. अर्जेंटिनाच्या त्या दाढीवाल्यानं धुळ्याचं नावही ऐकलं नसेल. पण टेबलाशी बसून मॉड्यूल करताना त्यानं आमच्या आबांचा विचार केला होता. चूक होणार, ती भल्या माणसाकडून होणार आणि तिची शिक्षा एवढी मोठी असू नये, हे त्यानं धरून ठेवलं होतं. मी वर्गात चुकलेल्या उत्तरावर लाल पेनानं केवढी फुली मारते ते मला आठवलं आणि लाज वाटली.

शेवटी आमचं मॉड्यूल लावलं. दिवा लागला नाही. त्यात डायोड नव्हता. "घरचंच आहे, आपण कुठे चुकतो," असं म्हणून ललितनं तो ठेवला नव्हता. सेन्सर काळा पडला होता आणि त्या जातीचे सेन्सर आता बनत नव्हते. दुसरा बसवायचा तर सगळं सर्किट नव्यानं मांडावं लागणार होतं. लग्नाआधी ते होणं शक्य नव्हतं.

"मीच मारी टाकं त्याले," आबा म्हणाले. ललित त्यांच्या पायाशी जाऊन बसला आणि म्हणाला, "आबा, तुमन्ही चूक नही. चूक मन्ही शे." पण आबा उठून आत गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्या तीन गोळ्यांच्या यंत्रालाही हात लावला नाही.

ललित ज्या ग्रुपवर ही मॉड्यूलवाली मंडळी जगभरातून गप्पा मारतात, तिथे त्यानं जे घडलं ते लिहिलं. पूजा, कुंकू, लाल रेघ, सगळं. लोकांनी हसण्याच्या खुणा टाकल्या, हळहळले, सल्ले दिले. मग हंगेरीतल्या एका बाईचा एका ओळीचा निरोप आला. इलोना तिचं नाव. तिनं विचारलं, "जागा किती एककं आहे?"

ललितनं लिहिलं, "आठ."

ती म्हणाली, "माझ्याकडे श्वासाचं मॉड्यूल आहे, मीच केलेलं. आठच आहे. पाठवते."

तिनं ते स्वतःच्या पेटीतून काढून पाठवलं. पार्सल कुठे कुठे अडकून राहिलं आणि लग्नघर भरायला लागल्यावर हातात पडलं. खोका उघडला. साधा करडा पत्रा, एक दिवा, एक बटण आणि मागे, सगळ्यात आधी मी तेच बघितलं, जिऱ्याएवढे काळे दाणे. मी व्हर्नियर लावला. एकशे साडेअठ्ठावीस. जपान आणि लाटव्हिया यांच्यामध्ये तो करडा पत्रा ठेवला आणि तो टक् करून बसला. मापाची पत्रं पाठवली नव्हती, नमुना दिला नव्हता, "थोडं कापून घ्या" नव्हतं. जी बाई मला कधी भेटणार नाही तिच्या स्क्रूची भोकं माझ्या घरातल्या पट्टीवरच्या भोकांशी जुळली. मी देव मानते की नाही हे मला नीट सांगता येत नाही, पण त्या क्षणी मी हात जोडले होते.

आम्ही ते वाजवून पाहिलं. आबा फुंकायला तयार नव्हते, म्हणून मी फुंकलं. किती फुंकरीला किती आवाज द्यायचा ते ठरवणारं बाईचं बटण मात्र विचित्र होतं. अगदी शेवटच्या टोकाला, कमीत कमीवर ठेवलं तेव्हा कुठे ठीक वाजलं. जरा वर केलं की नळीजवळ बोललं तरी मॉड्यूल किंचाळायचं. "एवढी मोठी मर्यादा कशाला ठेवली असेल?" मी म्हटलं. "बाईंना माप कळत नाही."

आबांनी दारातून विचारलं, "कोन्हं तोंड लागेल शे हाईले?"

"नळी नवीन आहे आबा," मी सांगितलं. "कोरी."

"नळी नही. वाद्यले." ते मला माहीत नव्हतं. पण शिरपूरच्या गाडीत ते पेटी मांडीवर घेऊन बसले.

हळद सकाळी होती. ताईबाईंच्या अंगणात मांडव, बाहेर बँडची गाडी, बँडचे लोक गणवेशात तयार. तोताराम ढोल गळ्यात अडकवून उभा होता. तो आबांच्या हाताखाली लहानाचा मोठा झालेला. कोकिळा पाटावर बसली. हळदीची वाटी तयार होती, बायका थांबल्या होत्या. ललितनं पेटी टेबलावर मांडली, गाडीच्या बॅटरीवरून वीज घेतली, आणि आबांना खुर्चीत बसवून नळी हातात दिली.

आबांनी फुंकलं.

काही आलं नाही. दिवा जरासा थरथरला, बस. आबांनी डोळे मिटून पुन्हा फुंकलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या. दिवा थरथरला आणि विझला. मला तेव्हा कळलं की मॉड्यूल माझ्या श्वासावर लावलेलं होतं. चाळीस मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ओरडणारी बाई मी. आणि दसऱ्यापासून आबांनी श्वासाचा व्यायाम सोडला होता. त्यांच्या छातीत आता ती एक गोळी उचलण्याएवढंही उरलं नव्हतं. आबांनी नळी खाली घेतली. कोकिळाकडे बघून त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. ताईबाईंनी पदर तोंडाला लावला.

"ललित, बटण!" मी ओरडले. "बाईचं बटण!"

ललितनं करड्या पत्र्यावरचं ते बटण धरलं आणि फिरवत नेलं, मधल्या खुणेच्या पुढे, आणखी पुढे, जिथे मला मर्यादा निरर्थक वाटली होती तिथपर्यंत. "आबा," तो म्हणाला, "फुंकू नका. नुसता श्वास सोडा."

आबांनी नळी ओठात धरली आणि श्वास सोडला.

दिवा पूर्ण उजळला आणि सूर आला. काळी दोनचा, आबांचा. तो अंगणातून वर उठला, मांडवाच्या कापडाला लागला, रस्त्यावर गेला. समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. रोगानं अर्धं केलेल्या छातीतून नुसता श्वास बाहेर पडत होता, आणि तेवढ्यानं सगळं अंगण भरून गेलं होतं. मी आजवर खूप गोष्टी मोजल्या आहेत, पण ते मला मोजता आलं नाही. कोकिळानं डोळे मिटले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. ताईबाईंनी तिला हळद लावली. श्वास संपला, सूर हळूहळू विरला, आणि तोतारामनं ढोलावर अशी थाप मारली की झाडावरचे कावळे उडाले.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ललितनं त्या सुराचा व्हिडिओ इलोनाला पाठवला. तिचं उत्तर दुपारी आलं, तेव्हा आम्ही धुळ्याला परतलो होतो. ललितनं ते मराठीत वाचून दाखवलं. तिनं लिहिलं होतं की तिची आई गात असे. शेवटच्या वर्षात आई अंथरुणाला खिळली, तिला बोलायलाही श्वास पुरत नव्हता. आईसाठी इलोनानं हे मॉड्यूल केलं होतं. बटण एवढं पुढे जातं ते त्यासाठीच. आई गेल्यावर ते पेटीत नुसतं बसून होतं, आणि काढायला तिचा हात होत नव्हता.

मी तिच्या मापाला नावं ठेवली होती.

आबांनी पेटी जवळ ओढली. मग मला म्हणाले, "कुंकू आन." मी करंडा आणला. त्यांनी पत्र्याच्या वरच्या कडेला बोट टेकवलं.

"आबा, त्याला तिच्या आईचं तोंड लागलेलं आहे," मी हळूच म्हटलं. म्हटलं, त्यांच्या ते लक्षात आलं नसेल.

"माहीत शे," आबा म्हणाले. "हाई उष्टं नही, बेटा. परसाद शे."

मग त्यांनी विचारलं, "आते त्या बाईनी पेटीमा तठे काय शे?"

"काही नही," ललित म्हणाला. "भोक. आठ एककांचं."

"मंग भरी दे."

तर आमच्या टेबलावर इलोनासाठी नवीन सर्किट मांडलं गेलं आणि आम्ही अजून खालीच बसून जेवतो. पत्रा मी कापला, एकशे साडेअठ्ठावीस. काल मॉड्यूल पूर्ण झालं. खोक्यात ठेवायच्या आधी आबांनी ते हातात घेतलं, चष्मा वर केला, मागची केबल तपासली. लाल रेघ मायनसकडे. त्यांनी तिच्यावर बोट फिरवलं आणि मान डोलावली. मग ललितकडे बघून त्यांनी विचारलं, "ते जिरं लायं ना?"

"लायं, आबा. पण ती स्वतः हे काम करते, ती उलटं लावणार नाही."

"लाऊ दे," आबा म्हणाले. "तठे बी एखादा आबा व्हईच."